बदली ड्रायव्हर

निशिगंधा : नाही चाचा. मी बेल देणार नाही.

गफ्फार : दे बेटा. दोन घंट्या मार अन् चाल. पाणी पेलो, तोंड धुतलं, आता बरा हाय मी.

निशिगंधा : बरे आहात? हात दाखवा बरं तो. बघा, स्टेअरिंगला धरलाय तरी थरथरायलाय. अन् कपाळ नुसतं तव्यासारखं.

गफ्फार : थंडी वाजते जराशी. खामगाव पोचलो की गोळी घेतो, चहा पेतो, होते ठीक. तासाभराचा तं रस्ता राह्यला.

निशिगंधा : मेहकर सोडलं तेव्हापासून पाहायले मी तुम्हाला. गतिरोधकावर ब्रेकच लावला नाही, मागच्या सीटवरची आजी वीतभर उडाली. जानेफळचा स्टॉप आला तर गाडी सरळ पुढं काढली, मी घंटी मारली तेव्हा थांबलात. अन् आता तो सोयाबीनचा ट्रॅक्टर. मी ओरडले नसते तर?

गफ्फार : ट्रॅक्टरवाला आडवातिडवा चालवून राह्यला होता.

निशिगंधा : ट्रॅक्टर सरळ होता, चाचा. आपण तिरपे होतो. चाळीस माणसं आहेत आत. पुढच्या सीटवरची बाई लेकराला पाजायली.

गफ्फार : मालूम हाय मले. पण असं फाट्यावर गाडी उभी करून काय होते? मागं पाह्य, लोकं उठून राह्यले. आपले नेहमीचे पॅसेंजर उकंडराव तं दारापर्यंत आले.

निशिगंधा : उकंडकाका, बसा खाली. हो, मीच थांबवली. नाही, पंक्चर नाही. ड्रायव्हरला ताप आहे. मागून दुसरी गाडी येते अर्ध्या तासात, याच तिकिटावर बसवून देते सगळ्यांना. कोर्टाची तारीख आहे? असू द्या. पोचलात तरच तारीख ना काका? बसा.

गफ्फार : बसवून देतो म्हणते! तुले मालूम हाय काय होईन? गाडी मधातच सोडली म्हणून रिपोर्ट बसन. माह्यावर नाई, तुह्यावर. तुले नोकरी लागून दीड वर्ष नाई झालं.

निशिगंधा : बसू द्या. तुम्ही हे सांगा, रजा कामून नाही टाकली? शिल्लक नाही का?

गफ्फार : हाय ना. ढीग पडली हाय. तीन वर्षांत एक दिवस घेतला नाई.

निशिगंधा : साहेब देत नाहीत?

गफ्फार : मागितली असती तं दिली असती. साहेबाचं नाव नको घेऊ, भला माणूस हाय.

निशिगंधा : मग अख्तरीचाची काही बोलल्या नाहीत?

गफ्फार : बोलली. सकाळी दारात आडवी उभी राह्यली. म्हणे, परवा असेच कापत होते, काल उतरला, आज पुन्हा चढला. म्हणे, तुम्हाले माह्यी कसम. मी मागच्या दारानं निघालो.

निशिगंधा : मागच्या दारानं? शाळा बुडवायला पोरं पळतात असं ऐकलं होतं. ड्युटीवर यायला पळालेला माणूस पहिल्यांदाच पाहिला.

गफ्फार : हसू नको, बेटा.

निशिगंधा : मी हसत नाही. डेपोत फोन लावते. बदली ड्रायव्हर मागवते.

गफ्फार : नको! डेपोत नको. अन् बदलीचं नाव काढू नको. माह्या जागेवर कोणी येणार नाई. ऐकू आलं ना तुले? माह्या सीटवर दुसरा कोणी बसणार नाई!

निशिगंधा : चाचा, ओरडू नका. लेकरू दचकलं ते. काय झालं तुम्हाला एकदम?

गफ्फार : ...फोन पंजाबराव उचलते ना तिथला.

निशिगंधा : कंट्रोलला बसतात ते? काठीवाले?

गफ्फार : तो काठी घेऊन नाई जन्माले आला. ड्रायव्हर होता तो. एका दिवशी भरती झालो आम्ही, बावीस वर्षं एका डब्यात जेवलो. त्याची भाकर, माह्या घरचं सालन. तुले कोणी सांगितलं नाई?

निशिगंधा : अपघात झाला एवढंच माहीत आहे.

गफ्फार : हीच लाईन होती. लोणार ते खामगाव. ड्युटी माह्यी होती, बेटा. माह्यं पोट बिघडलं होतं. बस, पोट. ताप नाई, काई नाई. अख्तरी म्हणे राहा घरी, मी राह्यलो. पंजाबरावची सुट्टी होती त्या दिवशी. डेपोतून त्याले फोन गेला अन् तो माह्या जागेवर आला. अमडापूरच्या पुढं गाय आडवी आली. तिले वाचवाले गेला अन् गाडी निंबाच्या झाडावर. पॅसेंजर वाचले सगळे, खरचटण्यावर गेलं. केबिन पुरी आत दबली. गुडघ्याखालून पाय कापला त्याचा.

निशिगंधा : अरे देवा.

गफ्फार : दुपारी मले फोन आला. तेव्हा मी वरणभात खाऊन राह्यलो होतो. पोट थांबलं होतं माह्यं. जेवून राह्यलो होतो मी, बेटा, घरात पंख्याखाली बसून.

निशिगंधा : पण त्यात तुमची काय चूक?

गफ्फार : सगळे हेच म्हणतात. अख्तरी म्हणते, मौलवीसाहेब म्हणतात. पण त्या झाडावर माह्यं नाव होतं. तो पाय माह्या वाटचा होता. त्याच दिवशी ठरवलं, आता माह्या ड्युटीवर मीच जाईन. ताप येवो, काई येवो. मरायचं असन तं मी मरन, दुसरा नाई.

निशिगंधा : तुम्ही मरायला तयार आहात, ठीक. ह्या चाळिसांना विचारलं का? त्या पाजणाऱ्या बाईला विचारून येऊ?

गफ्फार : असं नको बोलू.

निशिगंधा : पंजाबरावकाका काय म्हणाले तुम्हाला?

गफ्फार : काय म्हणन? भेटलोच नाई. दवाखान्यात गेलो होतो एकदा, वॉर्डाच्या दारातूनच परत फिरलो. आता तो खिडकीतून ड्युट्या देते, तं मी माह्या चिठ्ठीसाठी दुसऱ्याले पाठवतो. तो बी कधी स्वतःहून बोलला नाई. म्हणजे राग हाय ना मनात. असनच.

निशिगंधा : तीन वर्षं एका डेपोत, अन् एक शब्द नाही?

गफ्फार : नाई.

निशिगंधा : रिंग जायली.

गफ्फार : कोणाले लावला? बेटा, काट! काट तो फोन!

निशिगंधा : हॅलो, कंट्रोल? लोणार-खामगाव गाडीवरून निशिगंधा बोलते, कंडक्टर.

पंजाबराव : बोल वं माय. काय झालं? बिघडली काय गाडी?

निशिगंधा : गाडी ठीक आहे, काका. ड्रायव्हरला खूप ताप आहे. जानेफळच्या पुढच्या फाट्यावर उभी केली मी.

पंजाबराव : चांगलं केलं. सकायच्या ड्युट्या मी नाई दिल्या, ड्रायव्हर कोन हाय?

निशिगंधा : गफ्फारचाचा. हॅलो? काका?

पंजाबराव : ऐकून राह्यलो. चाबी काढून घे त्याच्याजवळून.

निशिगंधा : देत नाहीत. बदली ड्रायव्हर नको म्हणतात. तुमचा पाय त्यांच्यामुळं गेला म्हणतात. त्यांच्या वाटचा होता म्हणतात. तीन वर्षांत एक रजा घेतली नाही त्यांनी, काका. एकसुद्धा नाही.

पंजाबराव : काय म्हणते तू? माह्या पायासाठी?

निशिगंधा : हाव.

पंजाबराव : त्याले दे फोन.

निशिगंधा : घेत नाहीत. तोंड फिरवून बसले.

पंजाबराव : मंग स्पीकरवर टाक. लोकायले ऐकू जाईन काय?

निशिगंधा : जाईल. सगळे पुढंच सरकलेत.

पंजाबराव : जाऊ दे. गफ्फार! बे गफ्फार. बोलू नको, निस्तं ऐक. गाय नव्हती. ऐकलं काय? रस्त्यावर गाय नव्हती. गाय नाई, म्हैस नाई, कुत्रं बी नाई. रस्ता मोकया होता. माह्ये डोये मिटले होते.

गफ्फार : काय बोलून राह्यला तू?

पंजाबराव : दोन दिवसापासून ताप होता मले. सुट्टीच्या दिवशी झोपून राहीन म्हटलं होतं. डेपोतून फोन आला, अन् मी येतो म्हटलं.

गफ्फार : तापात? मंग काऊन गेला बे?

पंजाबराव : काऊन गेलो? लोकं म्हणत ना, पंजाबराव कधी नाई म्हणत नाई. पंजाबराव म्हणजे लोखंड. मले ते लय गोड लागे ऐकाले. नाई म्हटलं असतं तं काय झालं असतं, दुसऱ्या कोनाले फोन केला असता त्यायनं. तापाच्या दोन गोया खाल्ल्या, सर्दीची एक खाल्ली अन् निघालो. अमडापूरच्या पुढं काचेतून ऊन आलं अंगावर. बरं वाटलं. तेवढंच ध्यानात हाय. मंग एकदम झाड.

गफ्फार : चौकशीत तं तू गाय सांगितली.

पंजाबराव : सांगितली. पाय गेला होता, आता नोकरी बी जाईन अशी भीती वाटली. अन् खरं सांगू? लोखंड झोपलं हे सांगाची लाज वाटली.

गफ्फार : तीन वर्षं, पंजाब्या... तीन वर्षं मी...

पंजाबराव : मले काय माईत बे! मले वाटे तुले समजलं हाय. दवाखान्याच्या दारातून तू परत गेला ते बायकोनं पाह्यलं होतं. मंग तू खिडकीवर येणं सोडलं. मी म्हटलं, यानं ओयखलं. याले माईत हाय की पंजाब्या गायीले पाहून ब्रेक मारते, झाडावर नाई जात. म्हटलं, याले आपली किळस आली.

गफ्फार : किळस? मले वाटे तू दिवसरात्र मले शिव्या देत असशीन.

पंजाबराव : तू घरी राह्यला ते बरोबर केलं होतं, गफ्फार. मी बी राह्यलो असतो तं आज दोन पायावर असतो. चूक रजा घेणाऱ्याची नव्हती. तापात गेला त्याची होती. अन् तेच आज तू करून राह्यला. उतर खाली. माय, उतरला काय वं तो?

निशिगंधा : नाही अजून. डोळे पुसायले.

पंजाबराव : पुसू दे. मी फोन ठेवत नाई.

गफ्फार : बेटा.

निशिगंधा : हं.

गफ्फार : घे चाबी. अन् हात दे जरा.

निशिगंधा : सावकाश. उकंडकाका, तिकडून धरा बरं. हां, असं. ही शाल कोणाची? आजी, तुम्ही दिली? चाचा, पांघरा. काका, उतरले ते.

पंजाबराव : मागच्या गाडीत पुढच्या सीटवर बसव त्याले. खामगावले सरकारी दवाखान्यात नेजो, घरी नाई. अन् माय...

निशिगंधा : बोला.

पंजाबराव : तू बेल दिली नाई ते लय मोठं काम केलं.

(तिसऱ्या दिवशी सकाळी, खामगावच्या सरकारी दवाखान्यात.)

पंजाबराव : हाय काय जिता?

गफ्फार : पंजाब्या! तू काऊन आला इतक्या दूर? गाडीची पायरी चढता येते तुले?

पंजाबराव : ही पोरगी होती ना गाडीवर. मी नीट बसेपर्यंत गाडी हलू दिली नाई. पॅसेंजर म्हणत, कोन साहेब हाय बापा हा?

निशिगंधा : कसं वाटतंय, चाचा? डॉक्टर काय म्हणाले?

गफ्फार : मलेरिया निघाला. एक दिवसाआड येते म्हणे तो. मंग मधल्या दिवशी मले वाटे, गेला. डॉक्टरनं लय झापलं. म्हणे, अजून दोन दिवस असेच फिरले असते तं इथं चालत नसते आले. अख्तरी आताच गेली डबा आणाले. बोलते माह्याशी, पण निस्तं हो-नाई.

निशिगंधा : बरोबर आहे त्यांचं.

गफ्फार : तुह्यं सांग. रिपोर्ट बसला ना?

निशिगंधा : बसला. गाडी मध्येच कामून सोडली ते लिहून द्या म्हणाले. मी लिहिलं, ड्रायव्हर आजारी होते, म्हणून मी बेल दिली नाही. साहेबांनी दोनदा वाचलं. मग सही केली अन् म्हणाले, पुढच्या वेळी डेपोच्या फाटकातूनच गाडी निघू देऊ नका.

गफ्फार : बस? इतकंच?

निशिगंधा : इतकंच. मग मीच त्यांना सांगितलं की साहेब, ऑगस्टमध्ये मला टायफॉईड होता, तरी मी सहा दिवस ड्युटी केली.

गफ्फार : तू? अन् मले शिकवून राह्यली होती!

निशिगंधा : म्हणूनच शिकवत होते. डेपोत आम्ही दोघीच बायका. रजा मागितली की म्हणणार, बघा, बायकांचं हे असंच असतं. त्या भीतीनं तिकिटं फाडत राहिले. एकदा डोळ्यापुढं अंधार आला तर खांबाला धरून उभी राहिले, मेहकर ते सुलतानपूर. कोणाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी फाट्यावर तुमचे हात पाहिले अन् मला माझेच हात दिसले.

गफ्फार : मले काऊन नाई सांगितलं, बेटा? मी बाजूलेच तं होतो.

निशिगंधा : तुम्ही तरी कुठं सांगता?

पंजाबराव : घ्या. तिघं जमलो तं तिघंही सारखेच. बरं, माह्यं ऐक. काल सकायी ड्युट्या वाटाच्या आधी मी साहेबाले म्हटलं, मले दोन मिनिटं बोलू द्या. सगये ड्रायव्हर-कंडक्टर होते आंगणात. सांगून टाकलं. गाय नव्हती म्हणून.

गफ्फार : सगळ्यायपुढं?

पंजाबराव : हाव. पाय थरथरत होता. जो हाय तो बी, अन् जो नाई तो बी. साहेबाचं तोंड उतरलं. म्हणे, पंजाबराव, हे मले वर कयवा लागन. मी म्हटलं, कयवा. आता चौकशी होईन ती होईन.

गफ्फार : अन् नोकरी?

पंजाबराव : काय माईत. जाईन नाई तं राहीन. पण ऐक, गफ्फार. मले वाटलं, थुंकतात आता माह्यावर. तं तो गोकुळ पुढं आला, चिखलीच्या गाडीवरचा. म्हणे, साहेब, दोन दिवसापासून माह्यं डोकं गरगरते, आज मी गाडी नाई नेत. त्याच्या मागून भागवत. त्याची कंबर धरली होती, क्लच दाबता येत नव्हता, बोलला नव्हता कोनाजवय.

गफ्फार : मंग?

पंजाबराव : मंग काय! साहेबानं एक ड्रायव्हर सुट्टीवरून बोलावला, एक गाडी रद्द केली. दुसरी पंचवीस मिनिटं उशिरा निघाली. झालं. मले वाटे आपण नाई गेलो तं डेपोचं छत खाली येईन. काईच नाई झालं बे. चहावाल्याले बी समजलं नाई.

गफ्फार : माह्या गाडीवर कोण गेलं?

पंजाबराव : कारभारी. बदली ड्रायव्हर म्हणून.

गफ्फार : त्याची तबियत इचारली?

पंजाबराव : निस्ती इचारली? कपायाले हात लावून पाह्यला. लय चिडला. आता खिडकीतून चिठ्ठी देतांनी सगयायच्या कपायाले हात लावतो मी. लोकं म्हणतात, पंजाबराव कंट्रोलर हाय की नर्स हाय?

निशिगंधा : माझ्या कपाळालापण लावला आज. म्हणाले, थंड आहे, जा.

गफ्फार : अन् तो कारभारी... पोचला तो नीट?

पंजाबराव : पोचला. परत बी आला. तुह्या सीटवर बसला, गाडी चालवली, घरी जाऊन जेवला. इचार या पोरीले.

निशिगंधा : खरंच, चाचा. मी होते ना सोबत. ट्रॅक्टरला लांबून ओलांडलं त्यानं.

गफ्फार : ...अल्लाचे उपकार.

निशिगंधा : रडू नका आता. डॉक्टर मला बोलतील. साहेबांनी तुमची पंधरा दिवसांची रजा मांडली, हे सांगायलाच आले मी. अन् माझी परतीची वेळ झाली, निघते. काका, तुम्ही येता?

पंजाबराव : तू जा माय. मी दुपारच्या गाडीनं येतो. याच्याजवय बसतो जरासा.

निशिगंधा : बसा. पण त्यांना बोलायला लावू नका फार.

पंजाबराव : गेली. लय गुणाची हाय पोरगी.

गफ्फार : लय. तू काऊन असा तिरपा बसला?

पंजाबराव : काई नाई. गाडीत इतका वेय बसलो ना, नकली पायाचा पट्टा रुतते.

गफ्फार : मंग काढून ठेव तो पाय.

पंजाबराव : इथी? नाई बा. घरी बी दार लावून काढतो मी. बायकोले बी पाहू देत नाई.

गफ्फार : काढ, पंजाब्या.

पंजाबराव : तुह्यानं पाहवन काय?

गफ्फार : तीन वर्षं नाई पाह्यलं. आता पाहतो.

पंजाबराव : ...थांब. हे बंद लय घट्ट असते. हां. निंगाला.

गफ्फार : दे इकडं. मी ठेवतो.

पंजाबराव : तुले सलाईन लागली हाय ना बे.

गफ्फार : एका हातालेच लागली. दे. अन् सरक इकडं, टेक पाठ.